पीएचडीचं कॅलेंडर: शेवटच्या नोंदीपासून उलटं मोजत या

सोमवारी काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) ओतू नका. चाचणीचा नव्वदावा दिवस रविवारी येतो, प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि चावी ज्याच्याकडे असते तो गावी गेलेला असतो. शनिवारीही ओतू नका. चोवीस तासांनी साचे सोडवायचे म्हटलं की पुन्हा रविवारच. पीएचडीला नवीन आलेल्या मुलांना पहिल्या भेटीत मी हे सांगतो तेव्हा ती हसतात. दोन वर्षांनी हसत नाहीत.

मी स्थापत्य अभियांत्रिकीचा माणूस. या लेखात शिक्षणशास्त्राचं जे आहे ते बीएड कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या बायकोकडून आलंय, आणि वनस्पतिशास्त्राचं एका मित्राकडून, ज्याचे पावसाळे सातारच्या पठारांवर गेले. तिघांच्या शाखा वेगळ्या, पण आमच्या डोळ्यांसमोर जी संशोधनं रखडली त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच होतं. कल्पना चांगली होती, दिवस मोजलेले नव्हते. म्हणून महाराष्ट्रातल्या एखाद्या राज्य विद्यापीठातून पीएचडी करायला निघालेल्यांसाठी हे पायरीपायरीने लिहितोय. माझ्या शाखेवर जास्त बोलेन, ते समजून घ्या.

पायरी १: सहा वर्षांतली खरी किती?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएचडी नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत. प्रवेशाच्या तारखेपासून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे अजून दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही घेता येते. कित्येक जणींना हे ठाऊकच नसतं, आणि ऑफिसात आपणहून कोणी सांगत नाही.

आता कागद घ्या. सहा वर्षांतून कोर्सवर्कचं एक सत्र वजा करा (किमान १२ क्रेडिट, उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के). आराखडा मंजूर व्हायला लागणारे महिने वजा करा. शेवटी प्रबंध लिहायला एक वर्ष ठेवा. प्रबंध जमा केल्यावर परीक्षकांचे अहवाल यायला किती लागतील ते तुमच्या हातात नाही. नोकरी सांभाळून करणार असाल तर परीक्षांचे हंगाम, नॅकच्या महाविद्यालय-मूल्यांकनाची धावपळ, निवडणुकीची ड्यूटी हेही वजा करा. माझ्या अनुभवात प्रत्यक्ष मोजमापाला फार तर अडीच-तीन वर्षं उरतात. तुमचा प्रश्न त्यात मावला पाहिजे.

पायरी २: प्रवेश आणि पैसे

यावर फार रेंगाळत नाही, कारण तपशील दरवर्षी बदलतो. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट), किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के लागतात. २०२४पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) गुणांवरही पीएचडी प्रवेशाचं दार उघडलं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) न मिळालेल्यांसाठी त्यात परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. आपल्याकडच्या काही विद्यापीठांची स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) असते. जाहिरात नीट वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ छात्रवृत्ती) झाल्यावर ४२,०००. नाही मिळाली तर पुण्याच्या बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांकडे लक्ष ठेवा. आदिवासी विद्यार्थ्यांनी टीआरटीआय या आदिवासी संशोधन संस्थेकडे. पैसे उशिरा येतात असं धरूनच घरखर्चाचं गणित मांडा. खोलीभाडं त्या पैशांवर अवलंबून ठेवू नका.

पायरी ३: गाईड

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी आधी दोन गोष्टी विचारा: जागा आहे का, आणि सर कधी निवृत्त होतायत?

त्यानंतर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठा. गाईडसमोर नको, कॅन्टीनमध्ये. "सर कसे आहेत?" असं विचारलंत तर "चांगले आहेत" एवढंच ऐकायला मिळेल. "मागचं प्रकरण दिलंस ते वाचून किती दिवसांनी परत आलं?" असं विचारा. उत्तर दोन आठवडे असेल तर उत्तम. "अजून आलं नाही" असेल आणि ते सांगताना तो चहाच्या कपाकडे बघत असेल, तर तुमचं काम झालं.

शोधगंगेवर त्या गाईडच्या हाताखालचे जुने प्रबंध शोधा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं हे प्रबंधांचं भांडार सगळ्यांना मोफत खुलं आहे. ओळीने पाच प्रबंधांची शीर्षकं सारखीच दिसली आणि फक्त जिल्ह्याचं किंवा झाडाच्या पानाचं नाव बदललेलं दिसलं, तर सहावा प्रबंध तुमचा असणार आहे.

पायरी ४: विषय सोडा, प्रश्न पकडा

"सर, मला बगॅसच्या राखेवर काम करायचंय." हा विषय झाला. साखर कारखान्यात उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळतं आणि राख उरते. ती सिमेंटच्या जागी काही प्रमाणात वापरता येते हे आधीच माहीत आहे. मग तुम्ही काय शोधणार? दोन-तीन बैठकांनंतर तो प्रश्न असा होतो: एकाच कारखान्याची राख हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी वेगळी निघते का, आणि त्या फरकामुळे काँक्रीटच्या २८ आणि ९० दिवसांच्या ताकदीत फरक पडतो का? आता यात "नाही" हे उत्तरही येऊ शकतं, आणि ते आलं तरी उपयोगाचं आहे: कारखान्याला वर्षभराची राख एकाच ढिगात टाकता येईल.

शिक्षणशास्त्रात "ग्रामीण विद्यार्थ्यांच्या गणितातील अडचणींचा अभ्यास" असली शीर्षकं ढिगाने पडतात. अडचणी आहेत हे वर्गात पाऊल टाकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पाचवीची मुलं ३०५ हा आकडा ३००५ असा का लिहितात, आणि दशक-शतकाच्या काड्यांचे गठ्ठे हाताळून दिले तर ती चूक तीन महिन्यांनंतरही गेलेली राहते का, हा प्रश्न आहे. मराठीत याला वेगळी गंमत आहे: आपण एकवीसला आधी एक म्हणतो, मग वीस. त्याचा लिहिण्यावर काय परिणाम होतो, यावर तर दुसरा प्रबंध होईल.

विज्ञानात पानाच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण बनवण्याची लाट काही ओसरत नाही. तुळस झाली, कडुनिंब झाला, शेवगा झाला. अर्काचा रंग तपकिरी होतो, यूव्ही-व्हिजिबल या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शिखर दिसतं, जिवाणू मरतात, पेपर होतो. नवीन पान घेऊन तेच करणार असाल तर करू नका. तेच पान पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तोडलं तर कणांचा आकार का बदलतो, हे विचारणार असाल तर बसून बोलू.

कसोटी एकच लावतो: प्रश्न लिहा, आणि खाली लिहा, "अमुक दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल." ती ओळ लिहिता येत नसेल तर आराखडा समितीपुढे नेऊ नका.

पायरी ५: वाचन

एक राष्ट्र एक सदस्यता योजना १ जानेवारी २०२५ला सुरू झाल्यापासून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांतून वाचता येतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांशी मैत्री करा, एवढं तर कराच.

संदर्भ झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये साठवा. मोफत आहे, आणि तुमच्या संग्रहातला एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तांबडी सूचना देतं. प्रत्येक पेपरसाठी एका तक्त्यात पाच रकाने भरा: प्रश्न काय, नमुना किती, मोजलं कसं, मिळालं काय, आणि मला काय पटलं नाही. पाचवा रकाना रिकामा राहिला तर तो पेपर तुम्ही वाचलेला नाही, चाळलाय. असे साठ-सत्तर पेपर झाले की प्रबंधाचं दुसरं, पूर्वसंशोधनाचं प्रकरण जवळपास लिहून होतं. चॅटजीपीटीसारख्या साधनाला संदर्भ मागाल तर ते अस्तित्वात नसलेले पेपरही छातीठोकपणे देतं. मूळ पेपर उघडून पाहिल्याशिवाय एकही संदर्भ यादीत घेऊ नका.

पायरी ६: कॅलेंडर उलटं मांडा

भिंतीवर तीन वर्षांचं कॅलेंडर लावा. शेवटची नोंद कोणत्या तारखेला झाली पाहिजे तिथे खूण करा आणि मागे मागे या.

वनस्पतिशास्त्रात निसर्गच तारीख देतो. कासच्या पठारावर फुलांचा मुख्य काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. वनखात्याची परवानगी सप्टेंबरच्या शेवटी हातात आली तर एक वर्ष गेलं, आणि दोन हंगामांची तुलना करायची असेल तर प्रबंध वर्षभर पुढे ढकलला. म्हणून अर्ज जानेवारीत करायचा. वनस्पतीचा वाळवलेला नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या मान्य हर्बेरियमात देऊन क्रमांक घ्यायचा, त्या क्रमांकाशिवाय "ही तीच जात कशावरून?" या परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर नाही. नमुन्याच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा. अल्कोहोलचा थेंब पडला की पेनाची शाई निघून जाते. मित्राने हे एकदा भोगलंय. चाळीस बाटल्या, एकीवरही नाव नाही.

शाळांचं कॅलेंडर त्याहून गुंतागुंतीचं. जूनच्या मध्याला शाळा उघडते, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. प्रवेश, पुस्तकवाटप, गणवेश यात जुलै येतो. मग गणपती, सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, सहल. सलग सहा आठवडे एखादा उपक्रम चालवायला खऱ्या अर्थाने दोनच फटी असतात: जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर, आणि दिवाळीनंतर ते नाताळपर्यंत. जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र लागतं, आणि पत्र हातात असलं तरी केंद्रप्रमुखांना जाऊन भेटायचं असतं. पालकांची लेखी संमती मराठीत, साध्या वाक्यांत घ्या.

पायरी ७: पंचेचाळीस क्यूबचा हिशेब

आता माझ्या अंगणात या. सिमेंटच्या जागी राख ०, ५, १०, १५ आणि २० टक्के. चाचणी ७, २८ आणि ९० दिवसांनी. दर वेळी तीन क्यूब, कारण तिघांची सरासरी धरतात आणि एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त ढळला तर तो संच बाद होतो. पाच गुणिले तीन गुणिले तीन: पंचेचाळीस क्यूब.

१५० मिलिमीटरचा एक क्यूब साधारण ८.१ किलो भरतो. म्हणजे सुमारे ३६५ किलो काँक्रीट, घनमीटरला ४०० किलोच्या हिशेबाने राख धरून ६१ किलोच्या आसपास सिमेंट, वर दहा-पंधरा टक्के वाया. ही राख एकाच तारखेची. हंगामाचे तीन टप्पे तपासायचे म्हटले की शून्य टक्क्याची तुकडीसुद्धा दर वेळी नव्याने ओतावी लागते आणि आकडा १३५ क्यूबांवर जातो. एक टनाहून जास्त काँक्रीट. ते कालवणार कोण? बीईच्या मुलांना प्रकल्प म्हणून सोबत घ्या, आणि पेपरात त्यांच्या कामाचा उल्लेख करा. फक्त ओझी उचलायला वापरून घेऊ नका.

राख आणायची ती गाळप हंगामातच. मे महिन्यात कारखान्यात गेलात तर भिजलेला, मातीत मिसळलेला ढीग मिळतो. प्रत्येक टप्प्याला पन्नासेक किलो एकदम आणा. पाच तुकड्यांना मिळून सहाच किलो लागते, मग एवढी कशाला? चाचणी मिश्रणं असतात, चाळताना निम्मी जाते, रासायनिक विश्लेषणाला लागते, आणि काही बिघडलं तर पुन्हा ओतायला तीच राख हवी. नंतर आणलेली राख वेगळी असते. तुमचा प्रश्नच तो आहे! बॉयलरचं तापमान आणि तारीख पोत्यावर लिहा. कोरडी चाळा, हवाबंद डब्यात ठेवा. जळून जाणारा अंश किती आणि सिलिका, ॲल्युमिना, लोह ऑक्साइड मिळून किती, हे आधी काढा. फ्लाय ॲशला (कोळशाच्या राखेला) या तिघांची बेरीज ७० टक्क्यांच्या वर लागते. तोच मापदंड लावून पाहा. तिथेच राख नापास झाली तर काँक्रीट ओतण्याआधी कळलेलं बरं.

विश्लेषणाची यंत्रं तुमच्या कॉलेजात नसतील तर लाजू नका, बहुतेकांकडे नसतात. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. आय-स्टेम या पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रं शोधता येतात. रांग असते. नमुने पाठवल्यापासून अहवाल येईपर्यंत दोन महिने धरून कॅलेंडरवर लिहा.

आणि वार. सात आणि अठ्ठावीस हे दोन्ही सातच्या पाढ्यातले, म्हणून ज्या वारी ओतलं त्याच वारी चाचणी येते. नव्वद मात्र एक दिवस आधी येतो: मंगळवारी ओतलं तर सोमवार. साचे नऊच असतील तर दिवसाला एकच मिश्रण होतं, म्हणून मंगळ, बुध, गुरू धरा. एक ऑक्टोबरच्या सुमारास ओतलेल्या क्यूबचा अठ्ठाविसावा दिवस दिवाळीत जातो का, तेही पंचांग काढून बघा.

पायरी ८: ३८४ या आकड्याचं कोडं

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत नमुन्याची संख्या ३८४ किंवा गोळाबेरीज ४०० पुन्हा पुन्हा भेटते. मोठ्या समूहातलं एखादं प्रमाण ९५ टक्के विश्वासाने, पाच टक्के इकडेतिकडे धरून काढायचं असेल तर ३८४ लागतात, हे गणित बरोबर आहे. पण त्यात एक अट आहे: प्रत्येक व्यक्ती स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकून निवडलेली हवी. आपण तसं करत नाही. दहा शाळांत जातो आणि प्रत्येकीत एका वर्गातली चाळीस मुलं बसवून प्रश्नपत्रिका सोडवून घेतो.

एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. तोच शिक्षक, तीच वस्ती, तेच गळकं छप्पर. हा सारखेपणा शून्य ते एकच्या मापावर ०.१५ आहे असं उदाहरणासाठी धरू. एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, ०.१५ने गुणा आणि एक मिळवा: ३९ गुणिले ०.१५ अधिक १, म्हणजे ६.८५. आता ४०० भागिले ६.८५. उत्तर ५८. चारशे मुलं तपासलीत, माहिती मिळाली अठ्ठावन्न मुलांइतकी.

तीच चारशे मुलं वीस शाळांतून वीस-वीस घेतली तर ती साधारण १०४ स्वतंत्र मुलांइतकी भरतात. चाळीस शाळांतून दहा-दहा घेतली तर १७०. मुलं तेवढीच, फिरणं जास्त. बायको म्हणते, स्कूटीचं पेट्रोल हाच शिक्षणशास्त्रातला खरा संशोधन खर्च आहे.

अध्यापनाची नवी पद्धत तपासणाऱ्यांसाठी आणखी दोन सापळे. पहिला: पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळवलेली मुलं निवडलीत तर काहीही न शिकवता त्यांचे गुण थोडे वर जातात, कारण त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता. तुलनेचा गट त्याच तळातून घ्या. दुसरा: नवी पद्धत संशोधक स्वतः उत्साहाने शिकवतो, जुनी पद्धत दमलेले गुरुजी शिकवतात, आणि नवी जिंकते. दोन्ही एकाच शिक्षकाला द्या, तेवढ्याच तासिकांत. आणि दोन-तीन महिन्यांनी न सांगता पुन्हा चाचणी घ्या.

प्रश्नावली स्वतः बनवणार असाल तर आधी तीसेक जणांवर चालवून पाहा. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांचा आपसातला मेळ मोजणारा आकडा) ०.७च्या वर आला म्हणून खूश होण्याआधी चार मुलांना शेजारी बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि "याचा अर्थ काय लागला?" असं विचारा. "सहाध्यायी" या शब्दाला एकाने "सहा अध्याय" असं उत्तर दिलं होतं.

पायरी ९: वही आणि फाइल

बांधीव, पान क्रमांक घातलेली वही. शाईने लिहा, चुकलं तर एक रेघ मारा, खाडाखोड नको, पान फाडणं तर नाहीच. मशीनवरचा आकडा थेट वहीत. हातावर किंवा पावतीच्या पाठीवर नाही. त्या दिवशी वीज गेली होती, मशीन दुरुस्तीहून आलं होतं, पाऊस होता, हेही लिहा. तीन वर्षांनी एक विचित्र आकडा दिसेल तेव्हा तीच ओळ वाचवते.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशी नावं दिलीत तर शेवटी तुम्हालाच कळणार नाही. मूळ आकड्यांची फाइल कुलूपबंद ठेवा, काम तिच्या प्रतीवर करा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

एक्सेलवर विश्वास ठेवा, पण डोळे उघडे ठेवून. ते काही जनुकांच्या नावांच्या परस्पर तारखा करून टाकायचं; शेवटी २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. आपल्याकडे मुलांनी ऑनलाइन फॉर्ममध्ये वय कधी देवनागरी अंकात, कधी इंग्रजी अंकात भरलेलं असतं, आणि देवनागरी आकडे मजकूर समजून बेरजेतून गळू शकतात. आकडेमोडीआधी हा रकाना तपासा.

पायरी १०: आकडेमोड

कोणती चाचणी लावणार ते आकडे गोळा करण्याआधी ठरवून आराखड्यात लिहा. नंतर वीस तुलना करून त्यातली जिचं पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली आलं तीच दाखवणं ही फसवणूक आहे, भले ती स्वतःचीच असो. खरा फरक कुठेच नसतानाही वीस स्वतंत्र तुलनांत किमान एक तरी "लक्षणीय" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. फरक आहे की नाही याबरोबर फरक केवढा आहे हेही लिहा. संख्याशास्त्राच्या माणसाकडे आराखडा घेऊन जा. आकड्यांचं गाठोडं घेऊन शेवटी गेलात तर तो फक्त सांत्वन करू शकतो.

पायरी ११: पेपर

२०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची आयोगाची सक्ती काढली. बऱ्याच विद्यापीठांनी स्वतःची अट ठेवली आहे, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा. आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, म्हणून आता "यादीत आहे ना?" म्हणून सुटका नाही, नियतकालिक स्वतः पारखावं लागतं. तीन दिवसांत स्वीकृती आणि सोबत क्यूआर कोड आला तर तो पेपर छापला जाणार नाही, विकला जाणार आहे. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. त्या नियतकालिकातले मागचे तीन पेपर वाचा. तुम्हाला त्यांचा संदर्भ द्यावासा वाटला तरच तिथे पाठवा.

पायरी १२: प्रबंध

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. पद्धतीचं प्रकरण आधी, कारण ते वहीत आहेच. मग निष्कर्षांचे तक्ते आणि आलेख, मग चर्चा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. जाडीची काळजी सोडा: कमला सोहोनींनी १९३९मध्ये केंब्रिजमधून डॉक्टरेट मिळवली, त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता असं सांगतात. आपल्याकडे तेवढी पानं आभार आणि परिशिष्टांतच जातात.

मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टात केलेला प्रबंध कागदावर देखणा दिसतो, पण दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन चिन्हांचा चिवडा होतो आणि शोधगंगेवर कोणाला शब्द शोधून सापडत नाही. टायपिंग बाहेर देणार असाल तर हे ठणकावून सांगा.

साम्य तपासणीचे (दुसऱ्यांच्या मजकुराशी प्रबंध किती जुळतो, याचे) आयोगाचे नियम २०१८चे. १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधच देता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची आणि अवतरणं यातून वगळतात. शब्द फिरवून टक्का खाली आणण्याची दुकानं आहेत; तिथून परत आलेल्या एका प्रबंधात "तणाव" या अभियांत्रिकी संज्ञेच्या जागी "चिंता" छापलेलं मी वाचलंय. पोलादाला चिंता.

पायरी १३: व्हायवा आणि नो ड्यूज

किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात, त्यांचे अहवाल आले की खुली मौखिक परीक्षा. स्लाइड तीसपेक्षा जास्त नकोत. मूळ वह्या सोबत न्या आणि टेबलावर दिसतील अशा ठेवा. "हाच नमुना का?", "हे उलटं निघालं असतं तर काय म्हणाला असतात?" आणि "पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल?" हे तीन प्रश्न जवळपास ठरलेले. तिसऱ्याचं "काहीच नाही" हे उत्तर देऊ नका.

ज्या कारखान्याची राख आणली, ज्या शाळांत बसलात, त्यांना मराठीत एक पान लिहून निष्कर्ष पोचवा. परवानगी मागायला चार वेळा गेला होता, उत्तर द्यायला एकदा तरी जा. पुढच्या संशोधकाला त्या दारात उभं करतील की नाही ते यावर ठरतं.

मग नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नाही याचा कागद: ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा. मी ज्या कॉलेजातून पीएचडी केली तिथे माझी पदवी एका क्यूबच्या साच्यासाठी तीन आठवडे अडली. रजिस्टरवर अठरा, कपाटात सतरा. शेवटी तो सापडला क्यूब पाण्यात ठेवतात त्या क्युरिंगच्या टाकीच्या तळाशी, आत काँक्रीट तसंच. वरचा अंक पुसट झाला होता. वहीतून तारीख काढली: सोमवारी ओतलेला होता, नव्वदाव्या दिवशी रविवार, म्हणून राहून गेलेला.